खाते खूप, पण अंगाला काहीच लागत नाही

पत्र : ताई, तीन आठवड्यांपासून आमच्याकडे कुत्र्याचं एक पिलू आहे, मादी आहे, नाव चिमी. आमचं गाव तासगावजवळ, बेदाण्याच्या शेडमागं सापडली ती. दोन महिन्यांची असेल. दिवसभर खाते, दोन वेळा म्हशीचं दूध, त्यात चपाती कुस्करून, मधे मधे ग्लुकोजची बिस्किटं, तरी बरगड्या मोजता येतात आणि पोट मात्र टम्म. शी पातळच असते. किराणा दुकानातल्या काट्यावर १ किलो ७०० ग्रॅम भरली, मागच्या आठवड्यात पण तेवढीच होती. आजी माळकरी आहे त्यामुळं घरात अंडं-मटण नाही, रक्त वाढावं म्हणून ती चिमीला रोज चार बेदाणे भरवते. पप्पा म्हणतात गोठ्यातलं गोचिडाचं औषध लावू. वजन वाढायचं एखादं टॉनिक किंवा पावडर सांगा ना. आणि धाकटा भाऊ सात वर्षांचा आहे, खेळताना परवा तिनं त्याच्या बोटाला चावलं, थोडं रक्त आलं, हळद लावली. त्याचं काही नाही ना? – बारावीतली एक मुलगी

अगं, चिमीचं सगळं सांगते, पण आधी भावाचं. हळद लावून भागत नाही. तू हे तुझ्या पत्रात अगदी शेवटी लिहिलंयस पण मी सगळ्यात आधी घेतेय कारण बाकीच्या बहुतेक गोष्टींना चार दिवस उशीर झाला तरी चालेल, याला नाही. आज घरात कोणाला तरी सांग आणि त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर तासगावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मिळते. रक्त आलं होतं हे आठवणीनं सांगायचं, कारण रक्त आलं असेल तर लसीच्या जोडीला जखमेत सीरम पण द्यावं लागतं, ते डॉक्टर बघतील. चावल्या चावल्या साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं धुवायचं असतं, ते राहिलं असेल तर आता तरी धुवा. "पिलू तर आहे, घरचंच आहे" असं सगळे म्हणतील बघ. पण तीन आठवड्यांपूर्वी ती रस्त्यावर होती, तिच्या आईला काय झालं होतं, तिला कोण चावलं होतं, आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही. रेबीज एकदा झाला की त्याच्यावर इलाज नाही आणि लस वेळेत पूर्ण घेतली तर तो होत नाही, एवढं सरळ आहे ते. इंजेक्शनं चार-पाच वेळा असतात, कार्डावर तारखा लिहून देतात, दोन झाली की पुरे असं करायचं नाही.

झालं? आता चिमी.

तू टॉनिक विचारलंस. मला महिन्यातून पाच-सहा जण तरी हेच विचारतात, की ताई वजन वाढायचं काहीतरी सांगा, आणि मी प्रत्येकाला आधी एकच विचारते की जंताचं औषध दिलंय का. तुझ्या पत्रात कुठंच तो उल्लेख नाही. अंग काटकुळं आणि पोट नगाऱ्यासारखं, खा खा सुटलेली, शी पातळ, भरपूर खाऊन आठवडाभर काटा हलला नाही, हे सगळं वाचून मला तरी आधी जंतच वाटतात. रस्त्यावरच्या पिलांना जंत असतातच असं धरून चालायचं, कारण ते बाहेरून लागायची पण वाट बघत नाहीत, आईच्या पोटात असतानाच पिलात जातात आणि नंतर तिच्या दुधातून पण जातात. म्हणजे चिमी जन्मली तेव्हाच घेऊन आली असणार. आता तू तिला कितीही चारलंस तरी त्यातला वाटा आधी ते घेणार, आणि आतड्याचं अस्तर खराब करून ठेवतात त्यामुळं जे उरतं ते पण नीट पचत नाही. म्हणून आधी जंत, मग खाणं, हा क्रम बदलू नकोस.

आणि आजींचं एक मला पटलं बघ. त्यांना वाटतंय की हिला रक्त कमी आहे, ते बहुतेक बरोबर असेल. माझ्याकडे पहिल्यांदा पिलं आली तेव्हा मला हे कळलं नव्हतं. ऐन पावसात कोणीतरी पोत्यात घालून पाच पिलं आमच्या गल्लीच्या तोंडाला सोडली होती, मी घरी आणली, उबेला ठेवली, आणि मोठ्या मायेनं पातेलंभर दूध पाजलं, दिवसातून चार चार वेळा. पोटं फुगली की मला वाटायचं भरली. आठवड्यात तीन गेली. उरलेली दोन घेऊन मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पिलाचा वरचा ओठ अंगठ्यानं नुसता वर उचलला आणि मला म्हणाले बघा. हिरड्या पांढऱ्याफटक, रंगच नाही, जीभ पण तशीच. आकडीसारखे जंत असतात एक, हूकवर्म म्हणतात, ते आतड्याला चिकटून रक्तच पितात, एवढ्याशा जिवात रक्त असून असतं किती. मी दूध पाजत होते आणि आतून ते रिकामं होत होतं. ती दोन जगली, त्यातली एक अजून माझ्याकडे आहे, पण ते ओठ उचलणं मी विसरले नाही, आता कोणतंही पिलू हातात आलं की पहिलं तेच बघते.

तू पण बघ. उजेडात घे, ओठ हळूच वर कर, हिरडी गुलाबी दिसली पाहिजे, बोटानं दाबून सोडली की पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. काही पिलांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तशा असतील तर डोळ्याची खालची पापणी जरा ओढून आतला भाग बघ. पांढरट असेल तर उद्यापर्यंत पण थांबू नकोस, आजच डॉक्टर. गुलाबी असेल तरी या आठवड्यात जायचंच आहे.

डॉक्टर म्हणजे आपले पशुवैद्यकीय दवाखान्यातले, ज्यांना तुझे पप्पा म्हशीसाठी बोलावत असतील तेच, कुत्र्याला पण बघतात. जाताना ताजी शी थोडी, काडेपेटीत मावेल एवढी, प्लास्टिकच्या डबीत घेऊन जा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल का विचार. लाज वाटायचं काही कारण नाही, त्यांचं रोजचं काम आहे ते. जंताचं औषध पिलांसाठी पातळ येतं, पायरँटेल नाहीतर फेनबेंडाझोल वगैरे असतं त्यात, आणि ते वजनावर मोजून द्यायचं असतं, म्हणून तो १ किलो ७०० चा आकडा तुझा फार कामाचा आहे. मेडिकलमधून माणसांची जंताची गोळी आणून अर्धी-पाव करून देऊ नकोस, आणि गुरांचं तर नाहीच नाही.

औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत तुला शीमध्ये जंत दिसतील. आधीच सांगून ठेवते, शिजवलेल्या शेवयांसारखे दिसतात, पांढरट, लांब, आणि कधी कधी त्यातले एक-दोन वळवळत असतात. पहिल्यांदा बघताना पोटात ढवळतं, पण ते बाहेर पडतायत म्हणजे चांगलंच आहे. कागदात गुंडाळून पिशवीत बांधून टाक नाहीतर खोल पुरून टाक, अंगणात राहू देऊ नकोस. या जंतांची अंडी मातीत पडली की दोन-तीन आठवड्यांनी ती माणसाला लागण करण्याजोगी होतात, आणि मातीत खेळणारं, हात न धुता खाणारं लेकरू घरात आहे तुमच्या. म्हणून शी रोजच्या रोज उचलायची आणि भावाला चिमीशी खेळून झालं की साबणानं हात धुवायची सवय लावायची. झोपायला पण थोडे दिवस वेगळी जागा कर तिची.

एक डोस दिला की झालं असं समजू नकोस. औषध आतड्यातले जंत मारतं, पण त्यांची पिल्लावळ तेव्हा अंगात दुसरीकडे फिरत असते, ती पंधरा दिवसांत परत आतड्यात येऊन मोठी होते. म्हणून पंधरा दिवसांनी परत डोस, असं तीन महिन्यांची होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढं साधारण तीन महिन्यांनी एकदा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव, आपल्याकडे दुधाचा हिशेब लिहितात तसं. आणि दोन डोस होऊन पण शी पातळच राहिली तर परत डॉक्टरांना दाखव, कारण काही जंतू असे असतात की त्यांना जंताचं औषध चालतच नाही, शी तपासूनच कळतात.

बेदाणे आजपासून बंद. चार पण नको, एक पण नको. तासगावात राहून हे सांगणं अवघड आहे मला माहितीय, तुमच्याकडे पाहुण्याच्या हातावर आधी बेदाणेच ठेवत असतील, पण द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या किडनीवर घात करतात. त्यातलं टार्टारिक आम्ल ते करतं असं आता मानलं जातं. आणि किती खाल्ल्यावर करतात याचा नेम नाही, एखादं कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राहतं आणि एखाद्याला थोड्यानं होतं, त्यामुळं इतके दिवस काही झालं नाही म्हणून चालतंय असं म्हणता येत नाही. डॉक्टरांना सांग की ती रोज खात होती. उलटी, एकदम खाणं बंद, लघवी कमी किंवा बंद, असं काही दिसलं तर धावत जा. सीझनला शेडमध्ये खाली सांडलेला माल असतो तिथं तिला मोकळी सोडू नकोस. आजींना हे सांगताना मात्र नीट सांग हं, त्या मायेनंच करत होत्या, त्यांना म्हण की रक्ताचं तुम्ही बरोबर ओळखलंत, डॉक्टर त्याचंच औषध देणार आहेत.

आता खाणं. दूध हा आपल्या सगळ्यांचा गोड गैरसमज आहे. पिलू म्हटलं की वाटीत दूध, पण कुत्रीचं दूध आणि म्हशीचं दूध यात फार फरक असतो, कुत्रीच्या दुधात प्रोटीन जवळपास दुप्पट असतं आणि दुधातली साखर, लॅक्टोज, ती कमी असते. दोन महिन्यांच्या पिलाला तेवढं लॅक्टोज पचत नाही आणि मग जुलाब, म्हणजे पोटात गेलेलं तसंच बाहेर. तिची शी पातळ असण्यात जंतांबरोबर दुधाचा पण हात असणार. दूध बंद कर. एकदम उपाशी पडेल म्हणून घाबरू नकोस, ती आता आईच्या दुधावरची नाही, दात आहेत तिला. त्याच दुधाचं दही चालतं, दोन-तीन चमचे, आणि पनीर तर उत्तम कारण पाण्याबरोबर लॅक्टोज बरंचसं निघून जातं आणि प्रोटीन मागं राहतं. घरात म्हैस आहे म्हणजे लिंबू पिळून घरीच कर, मीठ न घालता.

बिस्किटं पण बंद. ग्लुकोजच्या बिस्किटात मैदा आणि साखर, शंभर ग्रॅममागं प्रोटीन सात ग्रॅमच्या आसपास. वाढत्या पिलाच्या खाण्यात कोरड्या वजनाच्या निदान बावीस-तेवीस टक्के प्रोटीन पाहिजे, तर कुठं मांस धरतं. म्हणजे पोट भरतं पण बांधायला सामान मिळत नाही. चपाती-भाकरीला माझा विरोध नाही बरं का, लोक म्हणतात कुत्र्याला धान्य देऊच नका, तसं काही नाही, हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगलाय तो, शिजवलेलं धान्य त्याला पचतं. पण नुसत्या भाकरीवर पिलू वाढत नाही.

मग द्यायचं काय? आजी माळकरी आहेत, तर मला सगळ्यात सोपं वाटतं ते म्हणजे पिलांसाठी मिळतं ते तयार सुकं खाणं. पाकिटावर पपी लिहिलेलं असलंच पाहिजे, मोठ्या कुत्र्याचं नको. त्यात कॅल्शियम आणि बाकी सगळं मापात असतं, शिजवायला लागत नाही, घरातल्या भांड्याला हात लागत नाही, आजींच्या सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न बराचसा सुटतो. मांसाचा अंश असतो त्यात, ते आजींपासून लपवू नकोस, सांगून टाक आणि डबा पडवीत नाहीतर गोठ्यात ठेव. तिच्या वजनाच्या पिलाला दिवसाला साधारण ३०० ते ३२५ कॅलरी लागतात, म्हणजे असं खाणं ८० ते ८५ ग्रॅम, महिन्याचं धरलं तर सुरुवातीला अडीच-तीन किलो आणि मग वजनाबरोबर वाढत जाईल. सगळं तेवढं परवडणार नसेल तर ६० ग्रॅम ते आणि एक उकडलेलं अंडं. अंड्यात ७० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रोटीन, एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही. उकडूनच द्यायचं, कच्चं नको. गोठ्याशेजारी तीन दगडांची चूल आणि एक जुनं पातेलं, बऱ्याच माळकरी घरांत अशी सोय असतेच पोराबाळांसाठी. आजी नाही म्हणाल्या तर नको, जबरदस्ती नको, मग अंड्याच्या जागी ३० ग्रॅम पनीर.

पण मला वाटतं आजी नाही म्हणणार नाहीत. नामदेव महाराजांची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल, कुत्र्यानं भाकरी पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, कोरडी नको खाऊस म्हणून. तूप द्यायचं असेल त्यांना तर देऊ दे की, अर्धा छोटा चमचा, दिवसातून एकदा, जुलाब थांबल्यावर. जास्त नको, वजन लवकर वाढावं म्हणून लोक वाटीनं तूप-तेल घालतात आणि मग परत जुलाब नाहीतर स्वादुपिंडाला सूज, बारीक पिलाला ते झेपत नाही.

चार वेळा द्यायचं. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री झोपायच्या आधी दहाला. तू कॉलेजला असशील तेव्हा आईला नाहीतर आजींना सांग. तिचं पोट केवढं, तुझ्या मुठीएवढं, एका वेळी जास्त घातलं की उलटी नाहीतर जुलाब. सुकं खाणं कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून मऊ करून द्यायचं, आणि पहिल्या दिवशीच सगळं बदलायचं नाही, आत्ताच्या चपातीत पाव भाग नवीन, दोन दिवसांनी निम्मं, असं आठवडाभरात पूर्ण नवीन. दूध-बिस्किटं तेवढी आजच थांबव. शी पातळ असेल तोवर उकडलेला लाल भोपळा कुस्करून एक चमचा घाल, चांगला उपयोग होतो. पाणी कायम भरलेलं. तुमच्या ताटातलं कालवण नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, हिच्याकडे आधीच कमी आहेत. शेजारून कोणी कोंबडीची शिजलेली हाडं आणून टाकली तर ती पण उचल, शिजलेलं हाड चिरफाळतं आणि आतडं फाडतं.

टॉनिक, कॅल्शियमचं सिरप, प्रोटीन पावडर, यातलं काही आणू नकोस आत्ता. पिलांचं खाणं पूर्ण चालू असेल तर वरून कॅल्शियम घालून उलट नुकसान होतं. माणसांच्या जिमच्या पावडरी तर बिलकुल नकोत, काहींच्यात गोडीला झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे. रक्त खरंच कमी निघालं तर लोहाचं औषध डॉक्टर देतील, ते मात्र द्यायचं. घरचंच शिजवलेलं खाणं पुढं चालू ठेवणार असाल, म्हणजे नुसतं भात-अंडं-पनीर वगैरे, तर कॅल्शियमचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नकोस, दोन-तीन महिन्यांत पुढचे पाय वाकडे होतात नाहीतर, मी बघितलीत अशी पिलं.

आता पप्पांचं गोचिडाचं औषध. पप्पांना माझ्याकडून हात जोडून सांग, नको. म्हशीच्या अंगावर लावायचं ते औषध तीन-चारशे किलोच्या जनावराचं, ही पावणेदोन किलोची, आणि कुत्रं अंग चाटतं. झटके येऊन जातात पिलं त्यानं. तोवर तू काय कर, उवांची बारीक फणी घे, बाजूला साबणाच्या पाण्याचा तांब्या ठेव आणि उन्हात बसून मानेपासून शेपटीपर्यंत फणी फिरव, फणीत पिसवा येतील त्या लगेच पाण्यात बुडव. कानाच्या मागं, काखेत, बोटांच्या बेचक्यात नीट बघ. गोचीड असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, नखानं चिरडायची नाही, ती पण साबणाच्या पाण्यात. हे तू रोज दहा मिनिटं केलंस तर आठवड्यात फरक दिसतो. पिसवा पण रक्तच पितात आणि चपट्या जंताची लागण त्यांच्यातूनच होते, शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते तेच, डॉक्टरांना सांग. गोचिडीनं ताप येतो तो वेगळाच, त्यात खाणं सुटतं आणि हिरड्या परत पांढऱ्या पडतात. त्या वयाला चालणारा फवारा डॉक्टरांकडे मिळतो, तोच वापरायचा. अंघोळ सारखी घालू नकोस, बारीक पिलाच्या अंगावर चरबी नसते, गारठतं ते. रात्री पोत्यावर जुनी चादर आणि वाऱ्याच्या आड जागा, एवढं बघ. अंग गरम ठेवण्यातच सगळं खाल्लेलं गेलं तर वजन कुठून येणार.

लसी राहिल्यात तिच्या. जंताचं औषध देऊन साधारण आठवडा झाला, जरा तरतरी आली, की डॉक्टर पहिली लस देतील, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांची होईपर्यंत, आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची. ती पहिली लस ज्या रोगांवर असते त्यातला पार्व्हो फार वाईट, बारीक पिलांना तर दोन-तीन दिवसांत नेतो. त्याचे विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतात, त्यामुळं लसी पूर्ण होईपर्यंत जिथं गावातली कुत्री बसतात-उठतात तिथं तिला सोडू नकोस. खाणं एकदम बंद, उलट्या, आणि घाण वासाची रक्ताची शी, हे दिसलं की सकाळ व्हायची वाट बघायची नाही. तालुक्याला सोय नसेल तर मोठ्या ठिकाणी न्यावं लागतं, आपल्याकडच्यांना सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज माहीत असतं, तिथं दवाखाना आहे.

आणि एक, एखाद्या सकाळी ती उठतच नाहीये, मान टाकलीये, लटपटतेय किंवा थरथरतेय असं दिसलं तर साखर उतरलेली असते बऱ्याचदा, एवढ्याशा पिलांना रात्रभर उपाशी राहिलं की होतं तसं. घट्ट साखरपाणी किंवा मध बोटाला लावून हिरडीवर चोळायचा, तोंडात ओतायचं नाही कारण श्वासनलिकेत जातं, छातीशी धरून ऊब द्यायची आणि तसंच डॉक्टरांकडे. रात्री दहाचं खाणं मी त्यासाठीच सांगितलंय.

वजन रोज करत बसू नकोस, जीव टांगणीला लागतो उगाच. दर रविवारी, सकाळच्या खाण्याच्या आधी, त्याच काट्यावर, वहीत लिहून. आपली गावठी मादी मोठी होऊन पंधरा किलोच्या आसपास भरते, त्या हिशेबानं हिचं वजन दिवसाला तीस ते साठ ग्रॅम वाढलं पाहिजे, म्हणजे आठवड्याला दोनशे ते चारशे. पहिल्या आठवड्यात वाढणार नाही कदाचित, कमी पण दिसेल, पोटातले जंत आणि फुगा गेला ना की काटा जरा खाली येतो, रडू नकोस. माझ्या त्या दोन पिलांतली एक पहिले नऊ दिवस १ किलो ४०० वर अडून बसली होती, मग चौथ्या आठवड्यात अडीचच्या पुढं गेली. काट्याबरोबर हातानं पण बघ. मूठ आवळून दुसऱ्या हाताच्या बोटानं मुठीच्या हाडांवरून फिरव, चिमीच्या बरगड्या आत्ता तशा लागत असतील. आता तोच हात सरळ पसरून पालथा ठेव आणि बोटांच्या मागून फिरव, हाड कळतं पण वर पातळ थर असतो, तिच्या बरगड्या तशा लागायला लागल्या की वजन जागेवर आलं समज, मग गुबगुबीत करायच्या मागं लागू नकोस.

दोन डोस झाले, खाणं मी सांगितलं तसं तीन आठवडे दिलं, आणि तरी वहीतला आकडा हलला नाही, तर मग काहीतरी वेगळं आहे, रक्त तपासायला लागेल, गोचिडीचा ताप, लिव्हर, काहीजणांना जन्मतः काही असतं. तेव्हा ती वही घेऊनच जा डॉक्टरांकडे, त्यांना फार मदत होते तिची.

पहिल्या रविवारचा आकडा मला कळव, हिरड्यांचा रंग पण लिही. आणि भावाच्या कार्डावर पुढची तारीख कुठली आहे ते आधी.